विरजणाची आरोळी

ब्रिताच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तिच्या जावयाने हिरव्या साबणाने घासली आणि वरून कढत पाणी ओतलं.

जावई अजून व्हायचा होता म्हणा. लग्न तोंडावर आलं होतं आणि रैदार बर्गेन शहरातून सासुरवाडीला चार दिवस राहायला आला होता. बँकेतला कारकून, नखं कशी पांढरीशुभ्र. सासूवर छाप पाडावी म्हणून त्याने कोणी न सांगता चुलघर आवरायला घेतलं. तिथे आढ्याला एक लाकडी कडं टांगलेलं होतं. बर्चच्या लाकडाच्या छोट्या छोट्या खुंट्या एकमेकींत अडकवून केलेलं, आणि त्यावर खरवडूनही निघू नये असा तपकिरी, खपलीदार थर. रैदारला वाटलं, घाण. ती त्याने खरवडली, ब्रशने घासली, उकळत्या पाण्यात बुडवली आणि कडं पांढरंफेक करून परत जागेवर टांगलं. वर सासूबाईंना हौसेने दाखवायला घेऊन आला.

ती घाण म्हणजे बियरचं विरजण होतं. ब्रिताच्या आईचं, आईच्या सासूचं आणि त्याच्याही मागच्या कुणाकुणाचं. दर खेपेला पिंपातला फेस त्या कड्यावर घ्यायचा, वाळू द्यायचा, आणि पुढच्या खेपेला त्यातल्या दोन-चार खुंट्या माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, कोमट गोड पाण्यात टाकून ते जागं करायचं. घरं जळली, माणसं अमेरिकेला गेली, युद्ध आलं आणि गेलं, पण ते विरजण मेलं नव्हतं. ते बर्गेनच्या जावयाच्या हातून मरायचं होतं.

"कसं वाटतंय?" रैदारने विचारलं.

घरचा गडी असता तर ब्रिताने त्याला लाकडी पळीने पार तळ्यापर्यंत पिटाळला असता. पण पोरीचा, सिनोवेचा, जीव त्याच्यावर जडला होता.

"छान," ती म्हणाली. "फारच स्वच्छ झालं."

मग ती गोठ्यात गेली, लाल गाईच्या पाठीला कपाळ टेकवलं आणि पोटभर शिव्या दिल्या. गाईने सगळ्या ऐकून घेतल्या.

आता एखादी म्हणेल, त्यात काय एवढं, सहकारी दुकानात पाकिटातलं यीस्ट मिळतं, ते आणायचं. डोंगरउतारावरच्या बाकीच्या बायकांनी तेच केलं होतं. कुणाचं विरजण आंबट झालं, कुणाचं बुरसलं, आणि एकेक जण हळूच पाकिटावर आली. आणि ब्रिताने त्यांतल्या एकीलाही सोडलं नव्हतं. "तुझी बियर प्याले आणि न्याहारीच झाली गं, अगदी पाव खाल्ल्यासारखं वाटलं," असं ती भर पंगतीत म्हणायची. त्याच शरद ऋतूत मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या, तेव्हा सगळं गाव मेंढवाड्यापाशी जमलेलं असताना तिने जाहीर केलं होतं की सिनोवेच्या लग्नात आईच्या विरजणाची बियर असेल, ज्यांना पाकिटाची सवय झाली असेल त्यांनी पोट सांभाळून यावं. तेव्हा आता पाकीट आणणं म्हणजे उभ्या गावासमोर पदर पसरण्यासारखं होतं.

आईचं विरजण आता एकाच घरात शिल्लक होतं. ओढ्याच्या पलीकडे, गूरोकडे.

गूरो ही ब्रिताची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा घर ब्रिताला आलं, तसं कडंही आलं. गूरो ओढ्यापलीकडे दिलेली. पुढच्याच नाताळात गूरोच्या घरच्या बियरला संत्र्याच्या सालीचा तोच वास आला, आईच्या बियरला यायचा तो. ब्रिताने घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाली, "चोरटी!" गूरो म्हणाली, "आईने दिलं मला." ब्रिता म्हणाली, "आईने एका पोरीला दिलं. मला." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. सिनोवेचे तेव्हा दुधाचे दात पडत होते, आता ती लग्नाला उभी होती. गूरोचा नवरा वारला तेव्हाही ब्रिता चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली आणि मागच्या मागे निघून आली. बहिणीचं नाव ती तोंडाने घेत नसे. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, कुठेही विषय निघाला की "आमच्या पलीकडची विरजणचोर".

नाही म्हणायला दोघी एका गोष्टीने बोलत असत. आमच्या इकडे पिंपात विरजण घालताना पिंपात तोंड घालून बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकायची असते. जितकी आरोळी मोठी तितकी बियर खुशीची. मुकाट्याने विरजण घातलं तर पाहुणे बियर पिऊन भिंतीकडे बघत बसतात, आणि लग्नात असं झालं तर संसाराचं काय खरं? त्यामुळे कोणी बियर घातली हे सगळ्या उताराला कळतं. नाताळ जवळ आला की पलीकडून गूरोची आरोळी यायची. ब्रिता हातातलं काम टाकून ऐकायची, नाक मुरडायची आणि दुसऱ्याच दिवशी आपलं पिंप मांडून त्याच्या दुप्पट आवाजात ओरडायची.

"आणि म्हणे दोघी बोलत नाहीत," तिचा नवरा आन्फिन म्हणायचा. हा आन्फिन फार हळू आवाजाचा माणूस. आपल्याच घराच्या दारावर टकटक करून आत येईल असा.

त्यानेच तो सल्ला दिला. "गूरोकडे माग. मागितलेलं विरजण आजवर कोणी कोणाला नाकारलेलं नाही."

"मी मागू? तिच्याकडे?"

"मग कोणाकडे मागणार? पाद्रीकडे?"

"जिला मी उभ्या गावात चोर म्हटलं, तिच्या दारात वाडगा घेऊन उभी राहू? ती काय म्हणेल माहीत आहे?"

"काय म्हणेल?"

"काहीच म्हणणार नाही. नुसती हसेल. ते तिचं हसणं, एका बाजूने. तू बघितलं नाहीस."

"लग्नात बियर नसेल तेव्हा सगळेच हसतील, दोन्ही बाजूंनी," आन्फिन म्हणाला आणि लगेच लाकडं फोडायला निघून गेला, कारण ब्रिताचा हात पळीकडे गेला होता.

रविवारी सकाळी ब्रिताची दाढ दुखायला लागली.

तिने गालाला फडकं बांधलं, खुर्चीत बसून कण्हली, आणि आन्फिनला एकट्याला चर्चला पिटाळलं. सिनोवे रैदारबरोबर बर्गेनला गेली होती, लग्नाच्या चांदीच्या पिना बघायला. आन्फिनने दारात उभं राहून बायकोकडे बघितलं.

"मघाशी उजवी दाढ म्हणत होतीस. फडकं डावीकडे आहे."

"पसरलंय ते दुखणं."

"बरं. तुझ्या दाढेसाठी प्रार्थना करतो," तो म्हणाला. ब्रिताला उगाचच वाटलं की तो हसला.

ती पडद्याआडून बघत राहिली. गूरो काळा कोट घालून, प्रार्थनेचं पुस्तक काखेत मारून रस्त्याने उतरली. वळणावर दिसेनाशी झाली. तशी ब्रिताने फडकं सोडलं, शाल घेतली, हातमोजे चढवले आणि ओढ्यावरचा लाकडी साकव ओलांडला. कितीतरी वर्षांनी ओलांडला. मधली फळी कुजलेली होती ती आता बदललेली दिसली.

गूरोचा कुत्रा पासोप अंगणातच होता. घराची राखण करायला ठेवलेला हा कुत्रा ब्रिताला बघून उलटापालटा व्हायचाच बाकी राहिला. त्याचंही चुकलं नाही. ब्रिता गेली दोन वर्षं कोणी बघत नसताना त्याला ओढ्यापलीकडून चीजच्या कडा फेकायची. बहिणीशी वैर होतं, कुत्र्याने काय घोडं मारलं होतं?

"गप रे," ब्रिता त्याला म्हणाली. "मी आलेच नाहीये."

कोठाराची किल्ली खिळ्यालाच होती, कारण इथे सगळ्यांचीच असते. ब्रिताने दार ढकललं. आत सुकवलेल्या मेंढीच्या बरगड्यांचा वास, पातळ भाकऱ्यांच्या चळतीचा वास, आणि त्या सगळ्यांच्या वर, संत्र्याच्या सालीचा. तुळईला कडं टांगलेलं होतं. तसंच मळकट, तसंच खपलीदार. ब्रिताला एकदम आई दिसली, बाह्या वर सारून पिंपावर वाकलेली, आणि मागे दोघी बहिणी कानांत बोटं घालून आरोळीची वाट बघत उभ्या. तिने बाहीने डोळे टिपले. मग तिला आठवलं की आपण चोरी करायला आलो आहोत, आणि चोरांनी रडत उभं राहू नये.

हातमोज्यांनी खुंट्या निघेनात. तिने मोजे काढून काखेत धरले, कड्याच्या मागच्या बाजूच्या, दिसणार नाहीत अशा थोड्या खुंट्या सोडवल्या, रुमालात बांधल्या, कडं फिरवून ठेवलं. दार लावलं. किल्ली खिळ्याला. पासोप साकवापर्यंत पोचवायला आला. ब्रिताने त्याला परत हाकललं आणि घरी येऊन फडकं पुन्हा गालाला बांधलं, या वेळी उजवीकडे.

मागे राखून ठेवलेल्या माल्टचं थोडं गोड पाणी तिने केलं. धार काढल्यावर दूध जितकं कोमट असतं तितकं झाल्यावर त्यात खुंट्या टाकल्या, वाडग्यावर स्वच्छ फडकं घातलं आणि वाडगा चुलीशेजारी ठेवून त्याच्यासमोर बसली. दुपार झाली. आन्फिन चर्चहून आला, त्याने वाडगा बघितला, बायकोकडे बघितलं, आणि शहाण्या माणसासारखा बटाटे सोलायला बसला. मग फडक्याखालून बारीक चरचर ऐकू आली. ब्रिताने कोपरा उचलला. खुंट्यांभोवती फेसाचं कडं धरलं होतं आणि त्यातून छोटे छोटे बुडबुडे फुटत होते.

"जिवंत आहे," ती म्हणाली. तिला इतका आनंद झाला की तिने आन्फिनच्या टकलाचा मुका घेतला.

"प्रार्थनेचा गुण," आन्फिन म्हणाला. "तुझा एक हातमोजा कुठाय?"

ब्रिताने शाल झटकली. खिसे उलटे केले. एकच मोजा. दुसरा नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मोजा म्हणजे तिने स्वतः विणलेला, काळ्यावर पांढऱ्या चांदण्या आणि मनगटाशी तिच्या आईच्या घरची नक्षी. उतारावरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल तो कोणाचा ते. आणि तो पडला असणार कोठारात, बरोबर कड्याखाली.

"जाऊन घेऊन ये," आन्फिन म्हणाला.

"ती आली असेल आता घरी. धूर निघतोय तिच्या चुलीचा."

"मग?"

"मग काय! मग मी मेले!"

तरी जागं झालेलं विरजण थांबत नाही आणि लग्नही थांबत नाही. सोमवारी सकाळपासून चुलघरात तांब्याची कढई चढली. तळाशी जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या, वरून माल्ट, मग ढवळणं, गाळणं, उकळणं. दुपारपर्यंत गोड पाणी पिंपात पडलं आणि निवत ठेवलं. वाडग्यातला फेस काठावरून खाली बघत होता. सगळं कसं मनासारखं झालं होतं. फक्त ओरडायचं बाकी होतं, आणि तिथेच घोडं अडलं.

"ओरडले तर तिला कळणार," ब्रिता येरझाऱ्या घालत म्हणाली. "हातात माझा मोजा, कानात माझी आरोळी. दोन आणि दोन कोणीही जोडेल."

"नको ओरडूस मग."

"नको ओरडू? धुराडं सकाळपासून धूर ओकतंय. धूर निघाला आणि आरोळी नाही आली तर गाव म्हणेल घरात कोणीतरी गेलं. आणि बियर मुकी होईल. सिनोवेच्या लग्नात सगळे भिंतीकडे बघत बसतील!"

"उशीत तोंड घालून ओरड."

"उशीला विरजण लावायचंय का?"

पिंप निवत चाललं होतं. फार निवलं तर विरजण धरणार नाही. ब्रिताने पिंपात बोट घातलं आणि तिचा धीर सुटला.

"तू ओरड," ती म्हणाली.

"मी?"

"तुझ्या आवाजाला कोण ओळखतंय? आजवर ऐकलाय कोणी? ती म्हणेल कुठलातरी फिरस्ता आला. चल, वाक."

आन्फिनने आयुष्यात बायकोला नाही म्हटलं नव्हतं, ते म्हणायलाही आवाज लागतो. तो पिंपावर वाकला. खाकरला. एकदा वर बघितलं. मग म्हणाला, "हो."

"हे काय होतं?"

"आरोळी."

"पुन्हा. जोरात."

"होऽ."

"अरे, पिंपाला झोपवतोयस की उठवतोयस?"

"कोंबड्यांना बोलावतोय वाटतं," दारातून कोणीतरी म्हणालं.

दारात गूरो उभी होती. पायाशी पासोप शेपटी हलवत होता. गूरोच्या हातात चांदण्यांचा हातमोजा होता, आणि तोंडावर ते हसू, एका बाजूचं.

वाडग्यातला फेस तेवढा चरचरत होता.

"माझा कुत्रा फार गुणी," गूरो आत येत आन्फिनला म्हणाली, ब्रिताकडे न बघता. "काल चर्चहून आले तर हा पायरीवर बसलेला, तोंडात हे. कुठे सापडलं रे म्हटलं, तर मला थेट कोठाराच्या दाराशी घेऊन गेला. आत कडं बघते तर उलटं फिरवलेलं. मी म्हटलं, वारा फार सुटला होता वाटतं."

"वारा होताच," आन्फिन म्हणाला.

"दाढ कशी आहे ब्रिताची?"

"पसरलीय," आन्फिन म्हणाला.

गूरो वाडग्याशी गेली, वाकली, वास घेतला. खुंटी उचलून उजेडात धरली. ब्रिताला वाटलं, आता ही वाडगा उचलणार आणि अंगणात ओतणार. लग्न, पोर, गावासमोर केलेल्या बढाया, सगळं त्या वाडग्यात तरंगत होतं. आपण हिच्या जागी असतो तर ओतलाच असता, हेही तिला माहीत होतं.

"आमचंच आहे," गूरो म्हणाली. मग पहिल्यांदा बहिणीकडे वळली. "तुझं काय झालं?"

इतक्या वर्षांनंतर बहिणीने विचारलेला पहिला प्रश्न. ब्रिताच्या तोंडून गेलं, "धुतलं."

"धुतलं?"

"रैदारने. साबणाने."

गूरोने ओठ घट्ट मिटले. तिचे खांदे हलायला लागले. तिने तोंडावर हातमोजा धरला, आणि त्या मोज्याआडून जो आवाज आला तो ऐकून पासोप भुंकायला लागला.

"हस," ब्रिता चिडून म्हणाली. "हस हवी तितकी! साबणाने धुतलं, वर मला विचारतो कसं वाटतंय! मी म्हटलं छान!"

"तू छान म्हणालीस?" गूरोने डोळे पुसले. "तू? पाळीव झालीस की गं."

"पोरीसाठी."

"हं." गूरोचं हसू ओसरलं. तिने वाडग्यावर फडकं नीट घातलं आणि वाडगा उचलून आपल्या कुशीत धरला. "हे माझं आहे. मागितलं असतंस तर कालच दिलं असतं. पण तू मागितलं नाहीस, तू नेलंस. मला सगळं गाव विरजणचोर म्हणतं, ठाऊक आहे? दुकानातला पोरगा, जो मला चोर ठरवलं तेव्हा पाळण्यात होता, तोसुद्धा माझ्या टोपलीत दोनदा बघतो. माझा नवरा गेला त्या दिवशी मी पाद्रीकडे गेले, तर मी निघताना त्याच्या बायकोने चांदीचे चमचे मोजले. हे सगळं तुझ्या तोंडामुळे."

चमच्यांचं ब्रिताला माहीत नव्हतं. ते ऐकून तिला मनापासून लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग यायचा, पण तोही आज येईना.

"काय हवंय तुला?" तिने विचारलं.

"तू ओरडणार होतीस ना पिंपात? ओरड. पण 'हो' नाही. चोर कोण ते ओरड. तू गावात जेवढ्या आवाजात सांगितलंस तेवढ्या आवाजात."

"खिडकी उघडी आहे!"

"मी बंद करणार नाहीये."

"गूरो, समोरच्या काठापर्यंत ऐकू जाईल."

"म्हणूनच," गूरो म्हणाली. तिने खिडकीची दुसरीही फळी उघडली आणि वाडगा पिंपावर तिरका धरला. "पिंप निवतंय बरं का."

आन्फिन हळूच बाकावर बसला. असा तमाशा आयुष्यात पुन्हा बघायला मिळणार नाही हे त्याला कळलं होतं.

ब्रिताने पिंपाच्या काठाला दोन्ही हातांनी धरलं. तिच्या डोळ्यांसमोर पाकिटवाल्या सगळ्या बायका आल्या, दुकानातला पोरगा आला, चमचे मोजणारी पाद्रीची बायको आली. मग सिनोवे आली. ब्रिताने छाती भरून श्वास घेतला, पिंपात तोंड घातलं आणि ओरडली.

"चोऽऽर मीऽऽ!"

पिंप घुमलं, छतावरची काजळी खाली आली, पासोप टेबलाखाली गेला. आवाज खिडकीतून बाहेर पडला, तळ्यावरून पलीकडच्या डोंगरावर आपटला आणि परत आला. मीऽऽ, मीऽऽ. खालच्या वाडीत धुणं वाळत घालणारी बाई हात वर तसेच ठेवून उभी राहिली.

त्याच दमात गूरोने वाडगा उपडा केला.

थोडा वेळ पिंप स्तब्ध राहिलं. मग मध्यभागी फेसाचं एक बेट उठलं आणि काठाकडे सरकायला लागलं. दोघी बहिणी वाकून बघत होत्या, डोक्याला डोकं लावून, लहानपणी बघायच्या तशा.

"धरलं," ब्रिता म्हणाली.

"धरणारच. असा आवाज आईचाही नव्हता."

आन्फिनने उठून गेल्या नाताळची शेवटची बाटली शोधून काढली. तिघांनी लाकडी वाडग्यातून आळीपाळीने घोट घेतले. ब्रिताला हलकं वाटत होतं, इतकं हलकं की तिला भीती वाटली. गूरो मात्र वाडग्याच्या तळाशी बघत बसली होती. तिने एक मोठा घोट घेतला, ओठ पुसले.

"एक सांगू?" ती म्हणाली.

"सांग."

"मी चोरलंच होतं."

ब्रिताचा हात हवेत थांबला.

"आईला माती दिली त्या दिवशी. तू पाहुण्यांना वाढत होतीस. इथे पिंप होतं, वर फेस आलेला. मी रुमाल बुडवला, पिळला, छातीशी धरून घरी नेला. सगळी वाट थंड लागत होता."

"आणि म्हणालीस, आईने दिलं!"

"काय म्हणायचं होतं मग?"

"मागायचं होतंस!"

"तू दिलं असतंस?"

ब्रिताने तोंड उघडलं. मिटलं. मग खरं ते सांगितलं. "नसतं."

"बघ." गूरोने रुमालासारखा तो हातमोजा मुठीत चुरगळला. "तुला घर मिळालं, गाई मिळाल्या, आईचा पलंग मिळाला. मला आईचं काहीतरी घरी न्यायचं होतं गं. जिवंत असलेलं."

आन्फिन खिडकीबाहेर बघायला लागला. ब्रिताच्या डोळ्यांत पाणी आलं, ते गालावर उतरलंही. आणि ते उतरता उतरता तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली.

"थांब," ती म्हणाली. "थांब, थांब. म्हणजे मी आजवर खरं बोलत होते?"

"म्हणजे तसं—"

"तू चोर होतीस! आणि मला पिंपात ओरडायला लावलंस?"

"तूही चोरच आहेस की!"

"ऊठ!" ब्रिताने तिचा दंड धरला. "ऊठ आधी! वाक!"

"अगं, विरजण घालून झालं—"

"वाक म्हणते ना! अजून फेस पुरता आलेला नाही. वाक, नाहीतर पासोपच्या साक्षीने सांगते, पिंपात बुडवीन!"

गूरो वाकली. हसून हसून तिला धड वाकताही येईना. ब्रिताने तिच्या मानेवर हात ठेवला, आणि गूरोने पिंपात तोंड घालून अशी काही आरोळी ठोकली की आन्फिनने दोन्ही कानांत बोटं घातली.

"नाऽऽही! चोऽऽर मीऽऽ!"

"माझी मोठी होती," ब्रिता म्हणाली.

"हट्! माझ्या आवाजाने कढई हलली."

"ती मघाची हलत होती, माझ्या."

तेवढ्यावर गूरो पुन्हा वाकली, मग ब्रिता, मग दोघी मिळून. त्या संध्याकाळी उतारावरच्या सगळ्या घरांनी कोठारांच्या किल्ल्या खिळ्यावरून काढून खिशात घातल्या. लग्नाला मात्र सगळे आले, पाकिटवाल्या बायका तर सगळ्यांआधी. भिंतीकडे कोणी बघितलं नाही. रैदारला कुणीतरी सांगितलं की सासूबाई आणि मावशी दोघी चोर आहेत, आणि त्याने सभ्यपणे विषय बदलला. पण ते नंतर.

त्या दिवशी गूरो निघाली तेव्हा बाहेर थंडी पडायला लागली होती. ब्रिता साकवापर्यंत पोचवायला गेली. एका हातात मोजा, दुसरा हात उघडा. तो तिने शालीखाली दडपला, मग बाहेर काढला, मग गूरोच्या हाताकडे बघितलं. चांदण्यांचा मोजा गूरोच्या बोटांत लोंबत होता. ब्रिताने झटकन हात घातला. गूरोने झटकन मागे घेतला.

"माझा आहे तो," ब्रिता म्हणाली.

"माग की मग," गूरो म्हणाली, एका बाजूने हसत.

ब्रिताने वर आभाळाकडे बघितलं, खाली ओढ्याकडे बघितलं, पासोपकडे बघितलं. तिघांपैकी कोणी मदतीला आलं नाही.

"दे ना गं," ती म्हणाली.

गूरोने तिचा थंड पडलेला हात धरला आणि मोजा स्वतःच चढवला, बोट बोट नीट करून, मनगटापर्यंत.